जादा रोकड

२२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला होता, त्यांनी त्या वेळची खूण धरून सामान वर उचललं होतं. पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. एसटी आगार बुडालं तेव्हा तिथले कर्मचारी आगाराची रोकड घेऊन एका बसच्या टपावर चढले आणि सुटका होईपर्यंत तासन् तास तिथेच बसून राहिले. ती बातमी सगळीकडे गेली. त्याच आगारातून निवृत्त झालेल्या एका कंडक्टरची बातमी कुठे आली नाही. ती मी सांगतो.

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. परवाना सरकारी नियामकाचा, फी विमा कंपनीकडून, आणि उभं राहायचं कंपनी आणि गाडीमालक ह्यांच्या मध्ये. पूर ओसरल्यावर कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेलो तेव्हा ऑगस्टचा पहिला आठवडा होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना चिखलाने माखलेल्या गाद्या, कपाटं, दुकानांतला सडलेला माल. गॅरेजांच्या बाहेर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. दार उघडलं की आतून गाळाचा आंबूस वास अंगावर येई. दिवसाला सात-आठ गाड्या बघायच्या, फोटो काढायचे, मालकाचा जबाब घ्यायचा आणि पुढच्या गाडीकडे वळायचं.

त्या जबाबात एक प्रश्न कधी चुकत नसे. पाण्यातून काढल्यावर गाडी स्टार्ट करून पाहिली का?

पाणी शिरलेलं इंजिन फिरवलं की सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही. हवा दबते, पाणी दबत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतात, कधी ब्लॉकच फुटतो. साध्या पॉलिसीत इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल, तर हे नुकसान पुराचं नाही, मालकाच्या हाताने ओढवलेलं आहे, असं कंपनी म्हणते आणि इंजिन दाव्यातून बाद होतं. म्हणून सगळ्यांचं उत्तर ठरलेलं असे. नाही साहेब, हात लावला नाही. गॅरेजवालेच ते पढवून ठेवत. पूर उतरल्यावर स्वतःची गाडी चालू होते का, हे बघायचा मोह न झालेला माणूस मला तरी माहीत नाही. पण मी "नाही" लिहून घ्यायचो आणि पान उलटायचो. आज ते सांगताना बरं वाटत नाही.

बाजारपेठेच्या मागच्या आळीत काकांची गाडी होती. चंदेरी रंगाची छोटी पेट्रोल गाडी, २०१४ ची. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून चिपळूण–कराड, चिपळूण–गुहागर केल्यावर, निवृत्तीच्या वर्षी फंडाच्या पैशातून घेतलेली. मीटरवर जेमतेम अडतीस हजार किलोमीटर. काकू म्हणाल्या, "आयुष्यभर दुसऱ्यांना जागा दिली ह्यांनी. ही एक स्वतःची सीट."

टपापर्यंत पाणी गेल्याची गढूळ रेघ छताखालच्या कापडावर दिसत होती. मी फोटो काढले, चेसिस नंबर पडताळला आणि सवयीने विचारलं, "स्टार्ट करून पाहिली होती का?"

"हो," काका म्हणाले. "२४ तारखेला, सकाळी. एकदाच किल्ली फिरवली. कट्ट असा आवाज आला, मग काही नाही."

शेजारी उभा असलेला गॅरेजवाला घाईने म्हणाला, "अहो काका, ती नुसती लाइट लागते का ते बघितलंत तुम्ही."

"नाही रे. स्टार्टच करायला गेलो होतो."

मी पेन थांबवलं. त्यांना समजावून सांगितलं की हे वाक्य मी लिहिलं तर इंजिन जाईल. आणि इंजिन गेलं तर बहुधा टोटल लॉसही जाईल. त्यांनी हिशेब नीट समजून घेतला. पॉलिसीवर गाडीची घोषित किंमत, म्हणजे आयडीव्ही, २,४०,००० रुपये होती. दुरुस्तीचा धरलेला खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर गाडी टोटल लॉस धरून आयडीव्ही देऊन टाकायची. इथे ती रेघ १,८०,००० वर. गॅरेजचं एस्टिमेट ३,१०,००० चं होतं. पण कंपनी सगळं धरत नाही. रबर-प्लास्टिकचे निम्मे पैसे कापायचे, एवढ्या जुन्या गाडीच्या धातूच्या भागांचे ४० टक्के कापायचे. हे सगळं कापून इंजिनासकट १,९६,००० होत होते आणि इंजिन वगळून १,३८,०००. म्हणजे एका वाक्यावर गाडी रेघेच्या वर किंवा खाली. खाली गेली तर १,३८,००० घेऊन वरचे पावणेदोन लाखांच्या आसपास स्वतःच्या खिशातून घालायचे, तेही सात वर्षं जुन्या, पुरात बुडालेल्या गाडीसाठी.

काका जरा वेळ गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, आमच्याकडे ड्यूटीवर निघताना खिशातले स्वतःचे पैसेसुद्धा वेबिलावर लिहून द्यावे लागतात. वाटेत तपासणी पथक गाडीत चढलं की थैली मोजतात. तिकिटांपेक्षा पैसे कमी भरले तर केस होते, हे लोकांना माहीत असतं. पैसे जास्त भरले तरी केस होते, हे माहीत नसतं. जास्त का भरले, त्याचं उत्तर द्यावं लागतं. लिहा तुम्ही. किल्ली फिरवली, एकदा."

मी लिहिलं. वही मिटत होतो तेवढ्यात ते म्हणाले, "आता माझं एक ऐका. किल्ली फिरवल्याने इंजिन गेलं, हे तुम्ही बघितलंय का?"

मी गप्प झालो. मी बघितलं नव्हतं. कोणीच बघत नव्हतं. मालक "नाही" म्हणाला तर इंजिन धरायचं, "हो" म्हणाला तर सोडायचं, एवढंच चाललं होतं.

"मग खोलून बघा," ते म्हणाले. "खोलायची मजुरी मी भरतो. रॉड वाकलेले निघाले, तर ते माझ्या हातून झालं. त्याचा एक पैसा मला नको. पण दोन दिवस पाणी आत साचून जे सडलं, ते पुराने केलं. ते माझ्या नावावर लिहू नका."

इतक्या वर्षांत मला असं कोणी सांगितलं नव्हतं. आणि असं सांगायचा हक्क त्या आळीत त्या दिवशी एकाच माणसाला होता. "हात लावला नाही" असं ज्यांनी लिहून दिलं, त्यांना इंजिन उघडलं जाण्याचीच धास्ती होती.

९ ऑगस्टला माझ्यासमोर इंजिन उघडलं. ऑइलच्या जागी दुधाळ चहासारखा रगाडा निघाला. हेड काढलं. चारही पिस्टन एकेक करून वरच्या टोकाला आणले आणि त्यांची उंची मोजली. रॉड वाकला की पिस्टन खाली राहतो. त्यात लपवाछपवीला जागा नसते. चारही मापं सारखी आली. रॉड सरळ होते. मात्र सिलिंडरच्या भिंतींवर पाणी जिथपर्यंत साचलं होतं तिथे गंजाची कडी उठली होती, बेअरिंगांत बारीक गाळ घट्ट बसला होता. ते काम किल्लीचं नव्हतं. मी प्रत्येक मापाचा फोटो काढला आणि अहवालात तसं लिहिलं. किल्ली फिरवल्याची मालकाची कबुली पहिल्या परिच्छेदात, मापं दुसऱ्यात, आणि तिसऱ्यात माझं मत: इंजिनाचं नुकसान थेट पुराच्या पाण्याने, खर्च १,९६,०००, टोटल लॉस.

कंपनीतून फोन आला. पहिला परिच्छेद असताना तिसरा कशाला, असा सूर होता. मी म्हटलं, पहिला आहे म्हणूनच तिसऱ्यावर विश्वास ठेवता येतो. विमा कराराला कायदा परमविश्वासाचा करार मानतो, आणि हा विश्वास ग्राहकाकडून जितका मागायचा तितकाच कंपनीनेही पाळायचा असतो. अहवाल बदलला नाही.

टोटल लॉस मान्य झाला आणि खरी ओढाताण तिथून सुरू झाली. ऑगस्टच्या अखेरीस काकांना क्लेम विभागातून फोन आला. बाजारात ह्या मॉडेलला सध्या एवढी किंमत नाही, आम्ही १,९०,००० देऊ शकतो, कागद पाठवतो, "पूर्ण व अंतिम" असं लिहिलंय तिथे सही करा, पैसे आठवड्यात जमा होतील. पूरग्रस्त माणसाला "आठवड्यात" हा शब्द फार गोड लागतो. घराला रंग नाही, गिरणीवाल्याची उधारी, नवी शेगडी घ्यायची. आळीतल्या दोघांनी अशाच सह्या करून टाकल्या होत्या, आणि त्यांना मी दोष देणार नाही.

काकांनी सही केली नाही. माझ्याकडे सर्व्हे अहवालाची प्रत मागितली. ती मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे, आणि फार थोडे लोक मागतात. मग पॉलिसीचा कागद भिंग लावून वाचून काढला आणि क्लेम विभागाला फोन केला. त्यांनी नंतर मला तो फोन जसाच्या तसा सांगितला.

"मॅडम, आयडीव्ही म्हणजे काय, ते माझ्याच पॉलिसीत लिहिलंय. वर्षभर हीच बाजारभावाची किंमत धरायची आणि टोटल लॉस झाला तर आणखी घसारा कापायचा नाही. बरोबर?"

"हो काका, पण प्रत्यक्ष बाजारात..."

"प्रत्यक्ष बाजारात माझ्या गाडीला २,८०,००० मिळत असते, तर तुम्ही २,८०,००० दिले असते का?"

पलीकडून उत्तर यायला वेळ लागला. "नाही. आयडीव्हीच दिली असती."

"मग भाव चढला तर कागद बघायचा आणि उतरला तर बाजार बघायचा, असं कसं चालेल? मी कागदच बघतो. दोन्ही वेळा."

ते "दोन्ही वेळा" नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. त्या आधीच्या रविवारी पुण्याहून मुलगा आला होता. त्याने जुन्या गाड्यांच्या जाहिराती काढून दाखवल्या होत्या. कमी चाललेल्या तशाच गाड्या पावणेतीन लाखांना विकायला होत्या. "बाबा, ते १,९० म्हणतात ना? आपण २,८० मागू. मधे कुठेतरी अडीच-पावणेतीनला तुटेल. सगळे असंच करतात." सौदा करायची ही रीत आपल्याकडे मंडईपासून लग्नाच्या याद्यांपर्यंत रुजलेली आहे, आणि मुलाचा हेतूही वाईट नव्हता. पण काकांना मार्च महिना आठवत होता. पॉलिसी नव्याने घेताना एजंटने विचारलं होतं, "आयडीव्ही २,७० ठेवू?" पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत दोघांच्या संमतीने ठरते, मालकाला बोलायला जागा असते. हप्ता काहीशे रुपयांनी कमी व्हावा म्हणून काकांनीच ती २,४० वर आणली होती.

"ती किंमत मी सांगितली," ते मुलाला म्हणाले. "कमी हप्ता भरताना मला ती गोड लागली. आता पुरानंतर ती कमी आहे, हे मला कळतंय. पण वेबिलावर सही माझी आहे."

मला ह्या गोष्टीतली ही जागा सगळ्यात मोलाची वाटते. २,८० मागून २,४० वर उतरणारा माणूस आणि २,४० च मागून २,४० वर उभा राहणारा माणूस, दोघांच्या खात्यात कदाचित सारखेच पैसे पडतील. पण पहिल्याला समोरचा ढकलत राहतो, कारण हा हलतो हे त्याला दिसलेलं असतं. काका हलत नव्हते, कारण त्यांच्या आकड्यात हलवण्याजोगं काही ठेवलेलंच नव्हतं.

त्यांनी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला एक पत्र लिहिलं. दीड पानाचं, एकही कडू शब्द नसलेलं. पॉलिसी क्रमांक, नुकसानीची तारीख, सर्व्हे अहवालातला आकडा, पॉलिसीतली आयडीव्हीची अट, आणि शेवटी मागणी: २,४०,००० मधून १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची वजावट १,००० कापून २,३९,०००. "ही वजावट आपल्या पत्रात राहून गेली आहे, ती मी कापून घेतली आहे," असं त्यांनी खाली लिहिलं होतं. एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज करणार, हेही लिहिलं होतं. लोकपालांकडे तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही; साध्या कागदावर आपलं म्हणणं आणि सोबत कागदपत्रांच्या प्रती पुरतात.

लोकपालांकडे जावं लागलं नाही. पंचविसाव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. २,३९,००० मान्य. गाडीचा सांगाडा मालकाने ठेवून घेतला तर त्याची किंमत कापली जाईल. नोंदणी रद्द करण्याच्या अटीवर भंगारवाल्यांनी दिलेला सगळ्यात वरचा भाव ४६,००० होता. काकांनी तो पर्याय घेतला. कंपनीकडून १,९३,००० आले, आणि सांगाडा ४६,००० ला त्याच भंगारवाल्याला द्यायचा ठरला.

सांगाडा नेण्याआधी एका संध्याकाळी एक अनोळखी माणूस दारात आला. चहा घेतला, पुराची चौकशी केली, मग म्हणाला, "सांगाड्याचे मी ८०,००० देतो. रोख. फक्त आरसी बुक तसंच द्या, रद्दबिद्द करायच्या भानगडीत पडू नका. नंबर प्लेट आणि चेसिसची पट्टी काढू नका. तुमचं काय जातं?"

गाळाने भरलेल्या, लोखंडाच्या मोलाच्या गाडीला कोणी ३४,००० जास्त का देतो, हे काकांना लगेच उमगलं नाही. रात्री त्यांनी मला फोन केला. मी सांगितलं ते असं. कुठेतरी त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी चोरीला जाते. तिचा चेसिस नंबर घासून तुमच्या गाडीचा ठोकतात. तुमचे कागद, तुमची प्लेट तिला लावतात आणि ती गाडी दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात कुणा गरजू माणसाला विकतात. बुडालेल्या गाडीच्या लोखंडापेक्षा तिच्या कागदाला किंमत जास्त असते, ती ह्यासाठी.

फोनवर काका बराच वेळ काही बोलले नाहीत. पाठीमागे काकूंचा आवाज आला, "काय म्हणतायत?" ३४,००० म्हणजे काय, ते त्या घरात त्या महिन्यात कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. पेन्शन किती येते, तेही मला माहीत होतं.

"म्हणजे कुणीतरी आपली गाडी घालवून बसणार, आणि कुणीतरी फंडाचे पैसे घालून ती घेणार," ते म्हणाले.

"हो."

"नको मग."

ह्यात धाडस काही नव्हतं, की भाषण नव्हतं. सकाळी तो माणूस पुन्हा आला, तेव्हा काकूंनीच त्याला दारातून परत पाठवलं.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने १४ दिवसांच्या आत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं आणि आरसी जमा करायची असते. काका रत्नागिरीला एसटीने गेले. आरटीओत अर्ज, आरसी, कंपनीचं पत्र आणि चेसिस नंबरचा ठसा दिला. एका खेपेत काम झालं नाही. दोन खेपा झाल्या. सांगाडा टेंपोत चढवण्याआधी त्यांनी स्वतः दोन्ही नंबर प्लेटा काढल्या.

नवी गाडी त्यांनी घेतली नाही. घराचा रंग झाला, काकूंची शेगडी आणि शिलाई मशीन आलं, उरलेले बँकेत ठेवले. गुहागरला जायचं झालं की दोघं एसटीने जातात.

तुमच्या घरातही पॉलिसीचा कागद कुठल्यातरी फायलीत असेल. आज तो काढा आणि आयडीव्हीचा आकडा बघा. तो आकडा आज तुम्हाला कमी वाटत असेल, तर पुढचा हप्ता भरताना बोला. पूर आल्यावर बोलू नका. आणि गाडी पाण्यात गेलीच, तर किल्लीला हात न लावता बॅटरीची तार सोडवा आणि टोइंगवाल्याला बोलवा. हात लागलाच, तर तसं सांगा.

दिवाळीच्या आधी टपालाने माझ्याकडे एक पाकीट आलं. आत नोंदणी रद्द झाल्याच्या पत्राची झेरॉक्स होती, आणि काकांच्या कंडक्टरी अक्षरात एक ओळ: "फायलीला लावावी." माझा अहवाल देऊन दोन महिने होऊन गेले होते, माझ्या फायलीला त्या कागदाची गरज उरली नव्हती. मी तो लावला. एमएच-०८ ची ती गाडी आता कुठल्याही रस्त्यावर धावत नाही.